बेलीफचं शेतघर: चौकट हलवली, पण कोणत्या सालची?

1968-69 साली इंग्लंडच्या केंट परगण्यातलं एक शेतघर खुंट्या काढून उतरवलं गेलं आणि 1971-72 मध्ये वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन गावाजवळ पुन्हा उभं राहिलं. घराचं नाव बेलीफ. कोर्टाच्या बेलिफाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत लिहिताना हा शब्द तमालपत्राचा होतो.

हलवण्याचं कारण पाणी. ईस्ट सरे वॉटर कंपनी चिडिंगस्टोनजवळ बाउ बीच इथे जलाशय बांधत होती आणि त्या कामाच्या आड जुनी लाकडी घरं येत होती. कंपनीने बेलीफ वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाला दिलं. हे खुल्या आवारातलं संग्रहालय रॉय आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये सुरू केलं आणि 1970 मध्ये लोकांसाठी उघडलं. ज्या इमारती त्यांच्या जागी वाचवणं अशक्यच आहे त्यांनाच इथे आणायचं, हा त्यांचा दंडक. बेलीफ त्या दंडकात बसत होतं.

ओकच्या चौकटीचं घर उतरवता येतं, कारण ते बांधलंच तसं जातं: आधी आवारात तुकड्या-तुकड्याने जुळवून, मग सुटं करून, मग जागेवर उभं करून. पेच वेगळाच होता. उतरवलेल्या ढिगात निदान तीन काळांची घरं मिसळलेली होती. मधला उंच दिवाणखाना आणि त्याच्या एका टोकाचा कोठारांचा खण 1405 ते 1430 या काळातला. दुसऱ्या टोकाचा, मालकाच्या खोल्यांचा खण 1505 ते 1510 च्या सुमाराचा. आणि त्यानंतरच्या शतकांत घातलेली विटांची चिमणी, दिवाणखान्याच्या पोकळीत टाकलेला माळा, बदललेल्या खिडक्या वेगळ्याच. नव्या जागी यातलं कोणतं घर उभं करायचं?

चार खणांचं घर

वाड्याच्या भाषेत सांगायचं तर बेलीफ चार खणांचं आहे. दोन आडव्या चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. इंग्लिश सुतारही घर असंच मोजतो. मधले दोन खण मिळून दिवाणखाना, ज्याला ते 'हॉल' म्हणतात. तो जमिनीपासून छपरापर्यंत सलग मोकळा, वर माळा नाही. हॉलच्या खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधली आरपार वाट. वाटेपलीकडच्या खणात शेजारी-शेजारी दोन कोठाराच्या खोल्या, एक पेयांची आणि एक धान्य-भाकरीची, वर एक झोपायची खोली. हॉलच्या वरच्या टोकाला मालकाची बैठक आणि तिच्यावर 'सोलर' नावाची खाजगी खोली. सोलरला लागून भिंतीबाहेर काढलेला शौचकूपही आहे.

अशा घराला वील्डन घर म्हणतात. केंट, ससेक्स आणि सरे या परगण्यांमधला वील्ड हा ओकच्या रानांचा टापू; तिथे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खाऊन-पिऊन सुखी शेतकरी अशी घरं बांधत होते. ओळखायची खूण एकच, आणि ती रस्त्यावरूनही दिसते. दोन्ही टोकांच्या खणांचा वरचा मजला समोर हातभर पुढे काढलेला असतो, याला 'जेट्टी' म्हणतात. मधल्या हॉलला वरचा मजलाच नाही, तेव्हा पुढे काढायला काही नसतं, आणि त्याची भिंत मागे राहते. पण छप्पर मात्र तिन्हींवर एकच आणि वळचण एका सरळ रेषेत. म्हणून हॉलसमोर वळचणीखालची लांब तुळई भिंतीच्या पुढे, अधांतरी जाते. दोन्ही टोकांच्या खणांमधून निघालेले दोन वाकडे टेके तिला झेलतात. हे टेके घडवलेले नसतात, शोधलेले असतात: मुळात वाकडं वाढलेलं झाड निवडून मधोमध चिरलं, की डावा-उजवा जोड मिळतो. सरळ लाकडातून अशी कमान कापली तर रेषा आडव्या तुटतात आणि टेका वजनाखाली फाटतो.

जेट्टीच्या आडव्या तुळया पाहून आपल्याकडचा सुतार हसेल. त्या पालथ्या पाडलेल्या आहेत, म्हणजे रुंद बाजू आडवी आणि कमी बाजू उभी. वाकण्याविरुद्ध उभी बाजू जास्त कामाची, हे नंतर इंग्लंडातही समजलं आणि पुढे तुळया उभ्या बसू लागल्या. पंधराव्या शतकात मात्र जाड लाकूड पालथं घालणं हीच ऐपत होती, आणि पुढे काढलेल्या टोकावर भिंतीचं वजन बसल्यामुळे मधला भाग थोडा उचललाही जायचा. जेट्टी का काढत, यावर अजून वाद आहे. शहरात जागा मिळते हे कारण ठीक, पण वील्डमधल्या मोकळ्या शेतात जागेची टंचाई कुठली? आमच्या मते दोन कारणं पुरेशी आहेत. एक, खांब दोन मजल्यांचा सलग लागत नाही, आणि एकाच ठिकाणी चारी बाजूंनी खोबणी पाडून तो पोकळ करावा लागत नाही. दुसरं, दिमाख.

ओलं लाकूड, कोरडी खुंटी

लाकूड ओक, आणि तेही ओलं. तोडल्यावर सहसा वर्षाच्या आत वापरलेलं. वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही, आणि वाळायला तरी किती वेळ? ढोबळ हिशेब दर 25 मिलिमीटर जाडीला एक वर्ष. 200 मिलिमीटरच्या खांबासाठी आठ वर्षं कोण थांबणार. झाडं फार मोठी लागत नसत. एक खांब किंवा एक वासा म्हणजे एक झाड, कुऱ्हाडीने चार बाजू काढून चौकोनी केलेलं. सफोकमधल्या एका शेतघराची मोजदाद रानांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी केली तेव्हा सुमारे 330 झाडं भरली, त्यातली बरीच बारीक. म्हणजे या घरांसाठी महावृक्ष तोडले गेले, ही समजूत खरी नाही. ठरावीक वर्षांनी तोडायची, पुन्हा फुटवा येऊ द्यायची, अशी राखलेली रानं लागत.

मुख्य जोड कुसू आणि खोबणीचा. आडव्या लाकडाच्या टोकाला साधारण 40 मिलिमीटर जाड कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, उभ्या लाकडात तेवढीच खोबण, आणि दोन्हींतून आरपार 20 ते 25 मिलिमीटरची लाकडी खुंटी. खरी युक्ती भोकात आहे. कुसवातलं भोक खोबणीच्या भोकासमोर बरोबर पाडत नाहीत. खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो त्या कडेच्या दिशेने 2 ते 3 मिलिमीटर सरकवून पाडतात. टोकाला निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकून वाट काढते आणि कुसू आत खेचला जातो. सरक जास्त झाली तर खुंटी तुटते किंवा कुसवाचं टोक फाटतं. सरक नसेल तर लाकूड वाळल्यावर सांधा उघडा पडतो. खुंटी वाळलेल्या ओकची, करवतीने न कापता फोडून काढलेली, म्हणजे तिचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग. बाजूचं ओलं लाकूड आक्रसतं आणि तिला घट्ट आवळतं. खिळा नाही, सरस नाही.

खांबाच्या डोक्यापाशी तीन लाकडं भेटतात आणि अख्ख्या घराचा तोल तिथे ठरतो. खांब झाडाच्या उलट उभा करतात: बुंधा वर, शेंडा खाली. बुंध्याच्या फुगवट्यामुळे वर जास्त लाकूड मिळतं. त्या जाड डोक्याला दोन कुसू काढतात. बाहेरचा आखूड कुसू भिंतीवरच्या लांब तुळईत शिरतो. आतला उंच कुसू घराच्या रुंदीत टाकलेल्या जोडतुळईत शिरतो. आणि ती जोडतुळई वरून लांब तुळईवर बसते, पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट खाचेने. छपराचे वासे भिंतीची तुळई बाहेर ढकलत असतात. ती शेपटी तिला धरून ठेवते.

सगळ्यात आधी बिघडतं तेही इथेच. ओक लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, पण वर्षकड्यांच्या दिशेने 7 ते 8 टक्के आणि त्यांना काटकोनात साधारण निम्मा आक्रसतो. शेपटी 200 मिलिमीटर रुंद असेल तर वाळून ती 10 मिलिमीटर किंवा जास्तच अरुंद होते. खाच तेवढी सैल पडते आणि लांब तुळई तेवढी बाहेर सरकते. मग सगळा भार आतल्या उंच कुसवाच्या खुंट्यांवर येतो. जुन्या घरांत डोक्यापाशी लोखंडी पट्टी ठोकलेली दिसते ती यासाठी. साधं लोखंड ओकमधल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने गंजतं आणि लाकडावर काळे-निळे ओघळ सोडतं; आज अशी पट्टी लावायचीच तर ती स्टेनलेस स्टीलची लावतात.

छपराला आढं नाही, हे आपल्याला विचित्र वाटतं. वाशांच्या जोड्या शेंड्याला एकमेकांत अर्ध्या-अर्ध्या खाचून एका खुंटीने जोडलेल्या असतात आणि खाली प्रत्येक जोडीला एक आडवी पट्टी असते. हॉलच्या मध्यावर जोडतुळईवर एक नक्षीचा आखूड खांब उभा असतो, त्याचं नाव 'क्राउन पोस्ट'. त्याच्या डोक्यावरून घराच्या लांबीत एक तुळई जाते आणि त्या सगळ्या आडव्या पट्ट्या तिच्यावर टेकतात. चारी बाजूंना फुटलेले वाकडे टेके पाहून क्राउन पोस्ट छप्पर तोलून धरतो असं वाटतं. पण वाशांचं बरंचसं वजन ते स्वतःच भिंतींवर उतरवतात. या खांबाचं मोठं काम म्हणजे सगळ्या जोड्या पत्त्यांसारख्या एका दिशेला कलंडू न देणं.

लाकडावरचा पुरावा

तारखांचा निकाल वर्षकड्यांनी लागला. लाकडातल्या कड्यांची रुंदी-अरुंदी त्या-त्या वर्षीच्या हवामानाने ठरते. ती माळ आधी जुळवलेल्या प्रदेशवार माळेशी ताडून पाहतात. सालीखालचं शेवटचं कडं शिल्लक असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात पडलं तेही कळतं. ते गेलेलं असेल तर बाहेरच्या कोवळ्या लाकडाचा अंदाज धरावा लागतो. दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये हा थर साधारण 9 ते 41 कड्यांचा असतो. म्हणून तारीख एका सालाची न येता पट्ट्याची येते, आणि 1405 ते 1430 ही तशीच पट्ट्याची तारीख आहे.

पण वर्षकडी फक्त झाड कधी तोडलं ते सांगतात. घर कसं होतं ते खोबणी सांगतात, आणि या घरांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळ रिकाम्या खोबणी पाहण्यात जातो. तुळईच्या खालच्या अंगाला पत्त्यांतल्या चौकटसारखी, कोपऱ्यावर उभी केलेली भोकांची रांग दिसली की तिथे बिनकाचेची खिडकी होती. त्या भोकांत ओकचे उभे गज बसलेले होते. शेजारी लांब चर असेल तर त्यात लाकडी झडप सरकत होती. वरच्या लाकडाच्या तळाला गोल किंवा लांबट भोकं आणि खालच्या लाकडाच्या माथ्यावर सलग चर, म्हणजे तिथे कुडाची भिंत होती; काठीचं वरचं टोक भोकात घालून खालचं टोक चरातून सरकवत आणत. भोकं नाहीत, चर नाही, फक्त मोठ्या टेक्यांच्या खोबणी आहेत, म्हणजे ती जागा उघडीच होती.

खुंट्यांची दिशाही बोलते. चौकटीला एक चांगली बाजू असते, सुताराने मापं तिच्यावरून घेतलेली असतात आणि खुंट्या तिथूनच ठोकलेल्या असतात. बाहेरच्या भिंतीची चांगली बाजू बाहेर. आतल्या आडव्या चौकटींची चांगली बाजू बहुधा हॉलच्या वरच्या, मानाच्या टोकाकडे. एखादी चौकट उलट्या तोंडाने उभी दिसली तर ती तिथली नव्हे, किंवा घर नंतर वाढवलं आहे. सुताराच्या खुणा छिन्नीने कोरलेले रोमन आकडे असतात, त्यात चार हा नेहमी चार उभ्या रेघांचा, कारण वजाबाकीचा आकडा लाकूड उलटं धरलं की सहा होऊन बसतो. प्रत्येक जोड त्याच्या जोडीदारासाठीच कोरलेला असल्याने तीन नंबरचा टेका पाच नंबरच्या खोबणीत बसत नाही.

आणि धूर. हॉलच्या मधोमध जमिनीवर उघडी चूल, वर चिमणी नाही. धूर छपराखाली साठायचा आणि टोकांच्या छोट्या त्रिकोणी फटींतून, खिडक्यांतून निघून जायचा. त्यामुळे उघड्या हॉलवरचे वासे काळेकुळकुळीत होतात, आणि भिंत घालून वेगळ्या केलेल्या खणांवरचे तपकिरी राहतात. काळेपणा कुठे थांबतो ती रेघ म्हणजे मूळ भिंतीची जागा. जळल्याचा काळेपणा आणि धुराचा काळेपणा वेगळा: जळलेल्या लाकडावर कोळशाचे चौकोनी तुकडे सुटतात, धुराचा थर चकचकीत असतो.

तारीख ठरवताना

आता पर्याय मांडून पाहू. सापडलं तसंच घर उभं करायचं तर चिमणी, माळा, नंतरच्या खिडक्या सगळं ठेवायचं. ते प्रामाणिक खरं, पण विटांची चिमणी हलवता येत नाही. विटा उतरवून नव्याने रचली की ती नवीनच होते. आणि संग्रहालयाला जे दाखवायचं होतं, तो उघडा हॉल, तो माळ्याखाली दडून गेला असता.

1430 च्या आधीचं मूळ घर दाखवायचं तर सोलरचा खण काढून टाकावा लागला असता. तो शंभर वर्षांनी धाकटा आहे, पण अस्सल आहे. शिवाय त्याच्या आधी त्या टोकाला काय होतं ते कल्पनेने रचावं लागलं असतं.

संग्रहालयाने सोळाव्या शतकाची सुरुवात निवडली. दोन्ही काळांची अस्सल लाकडं त्या एका क्षणी खरोखर एकत्र उभी होती, चिमणी अजून आली नव्हती, आणि रिकाम्या खोबणींतून बहुतेक सगळ्या भिंती-खिडक्या-दारांची जागा वाचता येत होती. कमीत कमी कल्पना आणि जास्तीत जास्त अस्सल लाकूड, या दोन कसोट्यांवर हाच निर्णय टिकतो. पुढे आतलं सामान 1540 च्या सुमाराचं, नव्याने घडवून ठेवलं गेलं, आणि शेजारी ससेक्समधल्या काउफोल्डहून आणलेलं, 1536 चं लाकूड असलेलं धान्याचं कोठार उभं राहिलं.

याची किंमत मोजली गेली हेही सांगायला हवं. चिमणी घालणारा शेतकरीही या घराचाच मालक होता. इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती नेमकी अशा 'मूळ रूपाला नेण्याच्या' हौसेविरुद्ध, आणि घर जागेवर उभं असतं तर तिचं म्हणणं आम्हीही धरलं असतं. जागा सुटल्यावर प्रश्न बदलतो. सगळं ठेवणं शक्यच नसेल तर निवड करावी लागते, आणि मग काय टाकलं याची नोंद काय ठेवलं याच्या नोंदीइतकीच नीट लागते.

उतरवणं

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रत्येक चौकटीची मापं घेऊन 1:20 प्रमाणात चित्रं, छायाचित्रं, आणि प्रत्येक लाकडाला न गंजणारा बिल्ला. बिल्ल्यावर चौकट, जागा आणि दिशा तिन्ही. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण सारखे दिसणारे वासे डझनांनी असतात. बिल्ला न दिसणाऱ्या अंगाला लावायचा आणि वाहतुकीत निघणार नाही असा दोन ठिकाणी. मग कौलं, रिपा, भिंतींचं भरण. भरण काढताना काठ्यांची भोकं आणि चर मोजून ठेवायची. एकदा धूळ साफ झाली की मूळ मातीचा नमुनाही जातो.

त्यानंतर टेकू देऊन वरून खाली: वासे, लांब तुळया, जोडतुळया, मग भिंती. खुंटी नेहमी मागच्या बाजूने पोलादी पहारीने ठोकून काढतात, कारण तिचं बारीक टोक तिकडे असतं. तिरक्या भोकात वाकलेली खुंटी अडून बसली तर तिच्या आतून छिद्र पाडून पोखरतात. जोर लावला तर फाटते ती खोबण, आणि पाचशे वर्षांची खोबण पुन्हा मिळत नाही. सगळ्यात मोठं नुकसान घाईने तुळई उचलताना होतं: एका टोकाचा कुसू सुटला, दुसरा अडकला, आणि दोराने ओढलं की अडकलेला कुसू मुळाशी मोडतो. दोन्ही टोकं एकाच वेळी, थोडी-थोडी, हलवायची.

साठवताना लाकडं जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून, छपराखाली, पण वारा लागेल अशी. ताडपत्रीत गच्च गुंडाळली की आत घाम धरतो आणि बुरशी येते.

नवं लाकूड, नवा कूड

पायथ्याची आडवी तुळई आणि खांबांचे खालचे 300 ते 600 मिलिमीटर हे बहुतेक घरांत कुजलेले असतात. तेवढंच कापून नवा ओक जोडायचा. साधा आडवा काप देऊन टोकाला टोक चिकटवलं तर खांब तिथेच बिजागरीसारखा वाकतो. म्हणून दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे खाचून एकमेकांवर घेतात, त्या जोडाची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट, आणि त्यातून तीन-चार खुंट्या. नवा तुकडा जुन्यासारखा रंगवायचा नाही. तो दोन-तीन दशकांत आपोआप राखाडी होतो. तोवर जुनं कुठे संपतं ते दिसलेलंच बरं. कोवळं पांढरट लाकूड नव्या तुकड्यात येऊ द्यायचं नाही, किडीला आधी तेच लागतं.

जुना कूड हलवता येत नाही, तो नव्याने घालावा लागतो, आणि कोकणात कारवीचा कूड पाहिलेल्याला यातलं जवळपास सगळं ओळखीचं वाटेल. उभ्या काठ्या फोडलेल्या ओकच्या, साधारण 300 मिलिमीटर अंतराने. त्यांच्यात आडव्या विणलेल्या, हेझेल नावाच्या झुडपाच्या ताज्या फांद्या, बोटाएवढ्या जाड. वाळलेली फांदी वळताना मोडते. लिंपायच्या मातीत चिकणमाती साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, बाकी वाळू आणि पोयटा, वर कापलेलं गव्हाचं काड आणि शेण. चिकणमाती जास्त झाली की मोठ्या भेगा, कमी झाली की माती हाताला सुटते. पायाने तुडवून एक रात्र मुरू द्यायची. दोन माणसं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, समोरासमोर, गोळे दाबत जातात, म्हणजे माती विणीतून आरपार एकमेकींत शिरते. एकाच बाजूने लिंपलं तर वाळताना पोपडा सुटतो. पहिल्या भेगा अपेक्षितच असतात: भिंत अर्धवट सुकली की पाणी शिंपडून पुन्हा घासायची. वर केस घातलेला चुन्याचा पातळ गिलावा आणि पातळ चुन्याचे चार-पाच हात. दाट हात दिला की तो पापुद्र्यासारखा निघतो.

लाकूड वाळल्यावर भरणाच्या कडेने चार-पाच मिलिमीटरची फट पडते, पडणारच. ती चुना-मातीने भरायची. सिलिकॉनने भरली की आत गेलेलं पावसाचं पाणी बाहेर पडू शकत नाही.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घर हे जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या डांबराचं आणि आवडीचं. वील्डमधला ओक न रंगवता तसाच राहिला, किंवा भिंतीबरोबर त्याच्यावरही चुना फिरला. बेलीफचं लाकूडही उघडंच आहे.

आज काय सांभाळायचं

अशा कुठल्याही घराला मारक ठरतं ते सिमेंट. विसाव्या शतकात हजारो कूड काढून त्या जागी सिमेंटचा गिलावा बसला. सिमेंट कडक, लाकूड हलतं. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस तिच्यातून आत जातो आणि सिमेंटमागे अडकतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिला की बुरशी रुजते, आणि बुरशीने मऊ केलेल्या ओकमध्ये डेथवॉच नावाचा भुंगा येतो. त्याची अळी आत पाच ते दहा वर्षं पोखरत राहते. बाहेर फक्त तीन मिलिमीटरची गोल भोकं आणि दाणेदार भुगा. औषध मारण्याआधी पाण्याची वाट बंद करायची. कोरड्या ओकमध्ये हा भुंगा फार दिवस तग धरत नाही, आणि वरवर फवारलेलं औषध खोलवरच्या अळीपर्यंत पोचतही नाही.

जमीनही वर चढत असते. दर पिढीत अंगणात थोडी माती, थोडी फरशी पडते आणि दगडी जोत्यावर बसवलेली तुळई हळूहळू ओल्या मातीच्या पातळीला येते. जोत्याची निदान 200 मिलिमीटर उंची मोकळी ठेवायची, नाहीतर वळचणीचं पाणी आपटून लाकडावर उडतं. वर्षातून एकदा वळचण, जोतं आणि भरणाच्या कडा पाहिल्या तर बाकीचं बरंचसं टळतं.

बाउ बीचच्या त्याच जलाशयापायी आणखी एक छोटी लाकडी इमारत सिंगलटनला आली होती, विंकहर्स्ट. ती बेलीफच्या आधीच उभी राहिली, एक स्वतंत्र छोटं मध्ययुगीन घर म्हणून. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ती मुळात एका मोठ्या घराला जोडलेली होती आणि घर नसून स्वयंपाकघर होती. 2002 च्या सुमारास संग्रहालयाने तिच्या खुंट्या पुन्हा काढल्या, आवारात दुसऱ्या जागी ती उभी केली, आणि आता तिथे ट्यूडर राजांच्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातला स्वयंपाक करून दाखवतात.